वेबशोधाच्या काळात सार्वजनिक ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका चालू ठेवावी का, आणि ठेवल्यास कशी सुधारावी?

ग्रंथसेविका (प्रश्न)

नमस्कार. एका तालुक्याच्या गावातील शंभर वर्षांहून जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दाखल नोंदवहीतील सर्व पुस्तके कोहा या मुक्त संगणकप्रणालीत भरली आणि वाचकांना ती घरबसल्या पाहता यावीत म्हणून ओपॅक, म्हणजे ऑनलाइन तालिका, सर्वांसाठी खुली केली. काम मोठे होते. सुट्ट्यांत महाविद्यालयीन मुलामुलींनी येऊन नोंदी टंकल्या.

आज स्थिती अशी आहे की वाचक मोबाईलवर गुगलमध्ये पुस्तक शोधतात, मुखपृष्ठाचे चित्र माझ्यासमोर धरतात आणि "हे आपल्याकडे आहे का?" असे विचारतात. ओपॅक फार थोडे जण उघडतात. सर्व्हरवर दरवर्षी होणारा खर्च पाहून कार्यकारी मंडळातील काही सदस्यांनी मागच्या बैठकीत ही सेवा बंद करण्याचा विचार मांडला आहे. शोध बाहेरच होणार असेल तर आपण वेगळी शोधपेटी कशाला सांभाळायची, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

उत्तर देण्यापूर्वी मी महिनाभर वेब सर्व्हरच्या नोंदी वाचल्या, कारण ओपॅकमध्ये वाचक जे टंकतो ते तेथे राहते. ज्या शोधांना "एकही पुस्तक सापडले नाही" असे उत्तर गेले होते, त्यांतील बरीच पुस्तके आमच्या कपाटात होती. "दुसऱ्या महायुद्ध" असे टंकणाऱ्या वाचकाला काहीच मिळाले नाही, आणि त्या विषयाची एक अख्खी फळी माझ्या टेबलामागे आहे. "शिरवाडकर" शोधणाऱ्याला कुसुमाग्रजांची पुस्तके दिसली नाहीत. ही सेवा बंद करावी की दुरुस्त करावी, आणि दुरुस्त करायची तर कोठून सुरुवात करावी, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

संदर्भकक्ष (प्रतिसाद)

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम केले आहे, त्यामुळे आपल्या मंडळातील सदस्यांचा प्रश्न मला ओळखीचा वाटतो. हा प्रश्न जगभर वीस वर्षे विचारला जात आहे. ओसीएलसी या ग्रंथालय सहकारी संस्थेने २००५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात भारतातील लोकांनाही विचारले गेले होते. माहितीचा शोध कोठून सुरू करता, या प्रश्नाला ८४ टक्के लोकांनी सर्च इंजिन असे उत्तर दिले आणि ग्रंथालयाचे संकेतस्थळ असे सांगणारे केवळ १ टक्का होते. संशोधनलेख शोधून देणारे गुगल स्कॉलर त्याआधीच, नोव्हेंबर २००४ मध्ये, सुरू झाले होते.

ग्रंथालयांनी यावर दोन मार्ग धरले. पहिला मार्ग आपली पेटी गुगलसारखी करण्याचा होता. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २००६ मध्ये तालिकेला नवे शोधयंत्र जोडले, आणि लेखक, विषय, भाषा, काळ अशा चाळण्या लावून निकाल कमी करत जाण्याची सोय दिली. पुढे पुस्तके, लेख आणि प्रबंध एकाच पेटीत शोधून देणाऱ्या महागड्या 'डिस्कव्हरी' सेवा आल्या. दुसरा मार्ग नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने धरला. त्यांनी स्वतः बांधलेली ओमेगा ही शोधसेवा २०१३ मध्ये बंद केली. आपला वाचक स्कॉलरमध्ये शोधणारच, तर शोधून झाल्यावर तो लेख त्याला विनाअडथळा उघडून देणे हे आपले खरे काम आहे, असा निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला.

आपल्या मंडळात उत्रेख्तचे उदाहरण कोणी दिले तर एक फरक जरूर सांगावा. त्यांचे वाचक प्रामुख्याने इंग्रजी संशोधनलेख शोधत होते आणि ते लेख प्रकाशकांनी आधीच स्कॉलरच्या अनुक्रमणिकेत पोहोचवले होते. आपल्या वाचनालयातील १९३० सालचे, पुन्हा कधीच न छापलेले मराठी प्रवासवर्णन किंवा स्थानिक इतिहासाची पुस्तिका कोणत्या अनुक्रमणिकेत आहे? बहुतेक वेळा एकाही नाही. आपली नोंद हीच तिची एकमेव खूण असू शकते, आणि ती मिटवल्यास ते पुस्तक कपाटात असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने नाहीसे होईल. म्हणून माझे मत असे आहे की पेटी सजवण्यावर खर्च करू नये, पण नोंदी कदापि बंद करू नयेत. त्या वेबवर उघड्या कराव्यात, म्हणजे गुगलमध्ये शोधणारा वाचक थेट आपल्या नोंदीवर येऊन पोहोचेल.

अनुक्रमणी (प्रतिसाद)

मी काही ग्रंथालयांसाठी कोहा बसवून दिले आहे. "दुसऱ्या महायुद्ध" का सापडले नाही, हे मी बहुधा सांगू शकेन.

'दुसऱ्या' या शब्दातला हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि मग 'य' येतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि मग 'य' येतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द आहेत आणि युनिकोड या संगणकीय अक्षरपद्धतीत एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची जी नेहमीची प्रक्रिया आहे, तीही त्यांना एक मानत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी एका कळफलकावर टंकले असेल आणि वाचकाचा मोबाईल दुसऱ्या पद्धतीने लिहीत असेल, तर शोध रिकामा जाणारच. मुळातील यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित केली असेल, तर एकाच तालिकेत दोन्ही रूपे मिसळलेली असण्याचीही शक्यता आहे.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. कोहाच्या मागे झेब्रा नावाचे अनुक्रमणीयंत्र, म्हणजे नोंदींतील शब्दांची शोधसूची करणारी प्रणाली, असते आणि त्याला बसवताना दोन पर्याय मिळतात. देवनागरीसाठी आयसीयू हा युनिकोड मजकूर हाताळणारा पर्याय निवडावा लागतो. अनेक ठिकाणी मूळचा, रोमन लिपीला सोयीचा पर्याय तसाच राहून जातो, म्हणून आधी ते तपासावे. आयसीयूच्या नियमांच्या फाईलमध्ये आपले नियम जोडता येतात. अर्ध्या र-ची दोन्ही रूपे एक करणे, अदृश्य जोडक काढून टाकणे, आणि 'ग्रन्थ' व 'ग्रंथ' यांसारख्या जोड्यांसाठी अनुनासिकाचा अनुस्वार करणे, हे तीन नियम मी प्रत्येक मराठी ग्रंथालयात घालतो. हे बदल केवळ अनुक्रमणीत होतात, मूळ नोंद जशी आहे तशीच राहते. त्यानंतर संपूर्ण अनुक्रमणी नव्याने तयार करून घ्यावी.

ऱ्हस्व-दीर्घ एक करावे का, याबद्दल मी स्वतः बराच काळ द्विधा मनःस्थितीत होतो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' एकत्र येतात, हे खरे आहे. तरीही लहान तालिकेत वाचकाला चार अनावश्यक पुस्तके दिसणे हे त्याला हवे ते पुस्तक न दिसण्यापेक्षा पुष्कळ बरे, असे मला आता वाटते.

नोंदी गुगलपर्यंत पोहोचवण्यासाठी कोहामध्येच साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठी पानांच्या पत्त्यांची यादी, तयार करणारी आज्ञावली आहे. ती दररोज रात्री चालवावी आणि कोणती पाने वाचावीत हे यंत्रांना सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाईलमध्ये (robots.txt) त्या यादीचा पत्ता द्यावा. मात्र त्याच फाईलमध्ये शोधनिकालांची पाने यंत्रांना बंद ठेवून केवळ प्रत्येक पुस्तकाचे तपशीलपान खुले ठेवावे. शोधनिकालांचे दुवे अगणित असतात आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारी यंत्रे त्यांच्यात शिरून लहान सर्व्हर बंद पाडतात. ती सगळीच यंत्रे ही सूचना पाळत नाहीत, त्यामुळे गरज पडल्यास सर्व्हरवरच त्यांना अडवावे लागेल.

तालिकापत्र (प्रतिसाद)

तीस वर्षे तालिकीकरण केल्यानंतर मी निवृत्त झालो आहे. 'अनुक्रमणी' यांनी सांगितलेले नियम योग्य आहेत, परंतु यंत्राला न कळणारी अर्धी अडचण नोंदींतच असते, म्हणून काही गोष्टी जोडतो.

शिरवाडकर आणि कुसुमाग्रज हे एकच आहेत हे कोणत्याही अक्षरनियमाने कळणार नाही. ते कोणीतरी जाणत्याने लिहून ठेवावे लागते. मराठीत तर हा प्रश्न पावलोपावली आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, आणि राम गणेश गडकरी यांच्या कविता गोविंदाग्रज या नावाने आहेत. शिवाय पु. ल. देशपांडे यांचे नाव कोणी आद्याक्षरांनी टंकते, कोणी पूर्ण, तर कोणी नुसते 'पुल'. कोहामध्ये प्रत्येक लेखकाची प्रमाण नोंद, म्हणजे त्याचे एक ठरलेले नाव सांगणारी स्वतंत्र नोंद, करता येते आणि तिच्या ४०० क्रमांकाच्या क्षेत्रात त्याची इतर सर्व नावे भरता येतात. ही पर्यायी नावे शोधात समाविष्ट करण्याची एक सेटिंग प्रणालीत आहे; ती चालू करून अनुक्रमणी पुन्हा केली की शिरवाडकर टंकणाऱ्याला कुसुमाग्रज सापडतील. आधी आपल्याकडे सर्वाधिक मागणी असलेले शंभर लेखक घ्यावेत. सगळे लेखक एकदम घ्यायला गेलात तर काम कधीच पुरे होणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट जुन्या लेखनाची. शासनाने १९६२ मध्ये नवे लेखननियम स्वीकारले, तोपर्यंत 'कांहीं', 'नांव', 'त्यांत' असे अनुच्चारित अनुस्वार छापले जात. शीर्षकपानावर जे छापले आहे तेच शीर्षक म्हणून नोंदवावे, ते सुधारू नये. याबाबत मी आग्रही आहे, कारण त्या लेखनावरून जाणकाराला पुस्तकाचा काळ आणि आवृत्ती ओळखता येते. आजचे लेखन २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात द्यावे. जुन्या पुस्तकाचे शीर्षकपान फाटलेले असेल तर शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळाच्या मराठी ग्रंथसूचीत तपशील ताडून पाहावा. वेबवर शोधण्याच्या आधी मी आजही तीच उघडतो.

आणि विषयशीर्षके वाचकाच्या भाषेत द्या. "कर्करोग" या शीर्षकाखाली नोंदवलेले पुस्तक "कॅन्सर" टंकणाऱ्या माणसाला त्या दिवशी मिळालेच पाहिजे. तो ते कोणत्या अवस्थेत शोधत असेल याचा विचार करावा.

दूरस्थ वाचक (प्रतिसाद)

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे ही अडचण दुसऱ्या बाजूने सांगतो. येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तके चांगल्या संख्येने आहेत, कारण लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय अनेक दशके भारतीय भाषांतील पुस्तके घेऊन येथे पाठवत आले आहे. पण त्यांच्या अनेक नोंदी केवळ रोमन लिपीत आहेत आणि ते रोमनीकरण ठरावीक नियमांनी केलेले आहे. आपण उच्चारात गाळतो ते 'अ' त्यात सगळे लिहिले जातात, त्यामुळे केळकर हे नाव तेथे 'Kelkar'ऐवजी 'Kelakara' असे, दोन जादा 'a' अक्षरांसह असते. 'च' साठी फक्त 'c' लिहितात, 'ch' नाही. अक्षरांवरची आणि खालची चिन्हे शोधयंत्र बहुधा दुर्लक्षित करते, पण जादा अक्षर दुर्लक्षित करत नाही. हे कळेपर्यंत माझ्या ग्रंथालयात मराठी फार थोडे आहे अशीच माझी समजूत होती.

आपली देवनागरी नोंद वेबवर खुली असेल तर मला प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या तिथून मिळते, आणि तेवढ्या आधारावर मी येथे आंतरग्रंथालयीन देवघेवीतून ते पुस्तक मागवू शकतो. मी हे दोनदा केले आहे, आणि दोन्ही वेळा मूळ नोंद महाराष्ट्रातील एका लहान ग्रंथालयाची होती.

ग्रंथसेविका (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. 'अनुक्रमणी' यांनी सांगितल्याप्रमाणे तपासले. आमच्याकडे आयसीयू हा पर्याय निवडलेलाच नव्हता. कोहा बसवून देणाऱ्या गृहस्थांच्या मदतीने तो बदलून आणि आपण दिलेले पहिले तीन नियम घालून काल रात्री अनुक्रमणी नव्याने केली. आज सकाळी माझ्या मोबाईलवरून आणि वाचनालयातील संगणकावरून "दुसऱ्या महायुद्ध" असे टंकून पाहिले. दोन्हीकडे तीच यादी आली. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम अजून घातलेला नाही, त्यावर आणखी विचार करते.

लेखकांच्या पर्यायी नावांचे काम पुढच्या आठवड्यापासून रोज सकाळी एक तास करायचे ठरवले आहे. मंडळाच्या बैठकीत मी सेवेचा खर्च आणि आमच्या १९४७ पूर्वीच्या पुस्तकांची यादी शेजारी शेजारी ठेवणार आहे, आणि त्या पुस्तकांपैकी किती वेबवर इतरत्र सापडतात ते सदस्यांना त्यांच्याच मोबाईलवर शोधून पाहायला सांगणार आहे. 'तालिकापत्र' यांना एक विचारायचे राहिले: एकाच टोपणनावाने दोन लेखकांनी लिहिले असेल, तर प्रमाण नोंदीत आपण ती नावे कशी वेगळी करत होता?

तालिकापत्र (प्रतिसाद)

दोन स्वतंत्र प्रमाण नोंदी करून टोपणनावापुढे जन्मवर्ष द्यावे. जन्मवर्ष मिळत नसेल तर त्या लेखकाचे कार्यक्षेत्र लिहावे, उदाहरणार्थ 'कीर्तनकार' किंवा 'वैद्य'. नंतर दोन्ही नोंदी ५०० क्रमांकाच्या क्षेत्राने एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे चुकीच्या नोंदीवर आलेल्या वाचकाला दुसरीकडे जाण्याची वाट तेथेच दिसेल.