रूर पट्टा सायकलवर, तीन दिवसांत काय बघावं?

भटक्या_०७:
कामानिमित्त जर्मनीत एसेनला जातोय, जोडून तीन दिवस मोकळे मिळतायत. रूर म्हणजे कोळसा-पोलादाचा जुना पट्टा, त्यातली एसेन, बोखुम, डुइसबुर्ग ही शहरं सायकलवर फिरावी म्हणतोय. पण नकाशात नुसते हायवे आणि एकाला एक चिकटलेली शहरं दिसतात, सगळं ट्रॅफिकमधूनच चालवावं लागतं का? आणि बंद कारखाने एक पाहिला की बाकीचे तसेच, असं तर नाही ना?

चेनगार्ड:
रस्ते सोडा, जुन्या मालगाड्यांच्या लाइनी धरा. रूळ काढून सायकल ट्रॅक केलेत, आणि मालगाडीला चढ झेपत नाही म्हणून लाइन मुळातच सपाट, त्याचा फायदा आता आपल्या गुडघ्यांना. बोखुमची एर्त्सबानट्रासे घ्याच, कालव्यावरच्या बंदरातून पोलाद कारखान्याला लोहखनिज नेणारी लाइन होती ती. उंच भरावावरून जाते त्यामुळे गोदामं, परसबागा, चालू रूळ सगळं मागून दिसतं, कारमधून हे कधीच दिसणार नाही.

आणि सगळे तेच नाहीत हो, फक्त क्रम लावून बघा. आधी एसेनची त्सोलफेराइन खाण, एकट्या बाराव्या शाफ्टमधून (खाणीत उतरायची खोल विहीर) दिवसाला १२,००० टन कोळसा निघायचा, १९८६ ला बंद. तिथेच बाजूला कोक भट्ट्या, म्हणजे कोळसा भाजून लोखंड गाळायचं इंधन, कोक, बनवायच्या. मग डुइसबुर्गचा लांडशाफ्ट्सपार्क, १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, ब्लास्ट फर्नेसवर (लोखंड गाळायची उंच भट्टी) जिन्याने वरपर्यंत जाता येतं, गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक चक्क स्कूबा करतात. कोळसा, कोक, लोखंड असं गेलात की कुठली लाइन कशाला होती ते आपोआप कळतं.

मधलीआळी:
त्सोलफेराइन मला जरा जास्तच चकाचक वाटलं, काजळीचं नाव नाही. माणसं कशी राहायची ते बघायचं तर ओबरहाउझेनची आयझेनहाइम वसाहत बघा, १८४६ पासूनची कामगारांची घरं. पाडायला निघाले होते, रहिवाशांनीच भांडून वाचवली. लोक राहतात तिथे अजून, तेव्हा खिडक्यांत कॅमेरे घालू नका प्लीज.

भटक्या_०७:
भारी! एम्शर नदीच्या काठाने पण ट्रॅक दिसतोय, पण ते उघडं गटार आहे म्हणे?

चेनगार्ड:
होतं. खाणींमुळे जमीन खचायची, खाली पाइप टाकले तर फुटणार, म्हणून अख्खी नदीच काँक्रीटमध्ये घालून सांडपाणी उघड्यावर सोडलेलं. खाणी बंद झाल्यावर भुयारी गटार करता आलं, २०२१ च्या शेवटापासून नदीत सांडपाणी जात नाही. पण खचलेली जमीन काही वर येत नाही, त्यामुळे पंप कायम चालू, थांबवले तर बराचसा भाग पाण्याखाली जाईल. काठाने जाताना पंपिंग स्टेशनं दिसतील, तिथे थांबाच.

मधलीआळी:
अगदी बारीक टायरची रोड बाइक घेऊ नका, बरेच ट्रॅक बारीक खडीचे आहेत. दमलात तर लोकलमध्ये सायकल चढवता येते, तिचं तिकीट मात्र वेगळं काढायचं.