मदत हवी आहे: नौदलाच्या उपग्रहाच्या लाँचची पक्की तारीख कुठे कळेल?

तारामुंबरीकर (धागाकर्ता) · २४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०
नौदलाचा उपग्रह सोडणार आहेत ना, त्याची पक्की तारीख कुठे कळते? पेपरात 'नोव्हेंबरच्या सुरुवातीला' एवढंच दिलंय. सुरुवात म्हणजे १ की ८? इस्रोची साइट बघून डोळे दुखले. दिवाळीची सुट्टी संपत आली, मुलं डोकं खातायत. माहीत असेल त्याने सरळ तारीख सांगा. 'गूगल करा' नको.

कुडाळ_कट्टा · २५ ऑक्टो, सकाळी ७:०५
तारीख कशाला हवी? टीव्हीवर बघायला, की जायला? जाणार असाल तर कुठून, किती जण, शाळा कधी उघडते?

तारामुंबरीकर · स. ७:२०
जायलाच. देवगडहून, अजून कुठून! शाळा ३ तारखेला.

कुडाळ_कट्टा · स. ७:२२
किती जण?

भाट्ये_बीच · स. ८:१०
लष्करी उपग्रहाची तारीख आधी सांगायचीच कशाला? शत्रूला निमंत्रण पाठवायचं का? माझं स्पष्ट मत आहे की असली लाँच गुपचूप, मध्यरात्री उरकावीत.

अवकाशवेडा_रत्नागिरी · स. ८:४५
भाट्ये, ६४० टनांचं रॉकेट गुपचूप कसं उडवणार? आग आणि धूर मैलोगणती दिसतो. अमेरिकेची एनआरओ म्हणजे हेरगिरी उपग्रहांचीच संस्था, तीसुद्धा तारीख, वेळ, तळ सगळं जाहीर करते. मोहिमेचा बिल्ला छापते, थेट प्रक्षेपणही दाखवते. आत काय आहे आणि शेवटी कुठल्या कक्षेत जाणार, एवढंच सांगत नाही. रॉकेटच्या टोकाचं आवरण गळून पडलं की बऱ्याचदा प्रक्षेपण बंद. २०२० मध्ये त्यांच्या एनआरओएल-४४ चं काउंटडाउन ऑगस्टमध्ये शेवटच्या तीन सेकंदांवर थांबलं, ते साऱ्या जगाने बघितलं. मग ते उडालं थेट डिसेंबरात.

आपल्याकडचं उदाहरण एमिसॅट. शत्रूच्या रडारचे सिग्नल टिपणारा डीआरडीओचा उपग्रह, १ एप्रिल २०१९, सकाळी ९:२७. श्रीहरिकोट्याची प्रेक्षक गॅलरी लोकांसाठी पहिल्यांदा उघडली ती नेमकी त्याच लाँचला.

धागाकर्ते, तुम्ही म्हणताय तो सीएमएस-०३. नौदलाच्या भाषेत जीसॅट-७आर.

तारामुंबरीकर · स. ९:००
नाव माहीत आहे हो. तारीख?

पेजभात · स. ९:३०
रे बाबा, खय जातलंस पोरांका घेवन? टीव्हीर दाखय. थय उन्हात उभ्यान काय गावतला?

सेकंड_मेट · स. १०:१५
सध्या सुट्टीवर गुहागरला आहे, एरवी जहाजावर. तारीख हुडकायची आमची रीत सांगतो. रॉकेटचे रिकामे टप्पे समुद्रात पडतात, त्यामुळे कितीही गुप्त लाँच असलं तरी जहाजांना आणि विमानांना आधी कळवावंच लागतं. विमानांना नोटॅम निघतो. जहाजांना नॅव्हएरिया ८ या सागरी विभागाचा इशारा येतो, आपल्या भागाचं ते काम डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाकडे आहे. ब्रिजवर यंत्रातून कागद निघतो: अमुक अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात अमुक तारखांना अमुक वेळेत येऊ नका. आम्ही तो नकाशावर आखतो आणि वळसा घालतो. उपग्रहाचं नाव कुठेच नसतं, पण चौकोन बंगालच्या उपसागरात कुठल्या दिशेला लांबलाय ते बघून कक्षेचा अंदाज येतो. पूर्वेकडे असेल तर उंचावरचा दळणवळणवाला, दक्षिणेकडे असेल तर ध्रुवीय कक्षेतला, म्हणजे बहुधा टेहळणीचा.

फक्त एक लक्षात ठेवा. त्यात राखीव दिवसही धरलेले असतात. पहिली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

नाखवा_हर्णे · स. ११:०२
इशारे आम्हाला पण येतात हो. पण आमच्या डोळ्यांदेखत रात्री एलईडी लावून मासळी उपसतात, त्यांना कोण इशारा देतो? उपग्रहातून ते दिवे दिसत नाहीत का? नौदलाचा उपग्रह वर गेला की आधी ते बघा म्हणावं.

वेंगुर्ले_आजोळ · स. ११:२०
नाखवा, १००% सहमत. पण पर्ससीन जाळीवाल्यांचं काय?

कुडाळ_कट्टा · स. ११:२५
त्याचा धागा वेगळा आहे. इथे नको.

अवकाशवेडा_रत्नागिरी · दुपारी १२:१०
वेळेचाही अंदाज बांधता येतो. रडारवाला उपग्रह पहाट-सांज अशा कक्षेत फिरतो, म्हणजे त्याच्या सौर पंखांवर जवळजवळ कायम ऊन. म्हणून तो भल्या पहाटे सोडतात. रिसॅट-१ २०१२ साली ५:४७ ला गेला. यंदा १८ मे रोजी ईओएस-०९ ५:५९ ला सोडला होता, तिसऱ्या टप्प्यात बिघडला बिचारा. कॅमेरावाल्या कार्टोसॅटला खाली चांगला उजेड आणि थोड्या सावल्या लागतात, म्हणून कार्टोसॅट-३ सकाळी ९:२८ ला. रिसॅट-२बी मात्र पहाटे ५:३० ला गेला तरी त्याची कक्षा निराळी, विषुववृत्ताशी ३७ अंशांचीच. तो ध्रुवांकडे फिरकत नाही, आपल्याच टापूवरून पुन्हा पुन्हा जातो. का ते तुम्हीच ओळखा.

तारामुंबरीकर · दु. १२:१८
५:४७ आणि ९:२८ घेऊन मी काय करू? माझा उपग्रह यातला कोणता?

अवकाशवेडा_रत्नागिरी · दु. १२:२५
यातला कुठलाच नाही :) दळणवळणाचा. असले बहुधा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी. हवाई दलाचा जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ ला ४:१० ला गेला होता.

मिऱ्या_बंदर · दु. २:४०
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. कोकणात लाँचपॅड का नाही? ७२० किलोमीटर किनारा आहे, कातळाचे सडे ओसाड पडलेत, आणि प्रत्येक वेळी आंध्रात धावायचं. पुढाऱ्यांची इच्छाशक्ती नाही, दुसरं काय.

सेकंड_मेट · दु. ३:०५
इच्छाशक्तीचा काय संबंध? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तो फुकटचा रेटा घ्यायचा तर रॉकेट पूर्वेला सोडावं लागतं. मिऱ्यावरून पूर्वेला सोडलंत तर पहिला टप्पा कुणाच्या डोक्यावर पाडणार? कराडच्या, की सोलापूरच्या?

मिऱ्या_बंदर · दु. ३:१५
मग पश्चिमेला सोडा! इस्रायल भूमध्य समुद्रावर पश्चिमेलाच सोडतो. ओफेक उपग्रह जवळजवळ सगळे तसेच गेले, १९८८ पासून.

अवकाशवेडा_रत्नागिरी · दु. ३:४०
इस्रायलची मजबुरी आहे, पूर्वेला शेजारी कोण ते बघा. उलट्या दिशेला सोडल्याने रेटा तर जातोच, वर पृथ्वीच्या वेगाशी भांडावं लागतं. म्हणून ओफेक तीनशे किलोच्या आसपासचे. हा नौदलाचा ४,४१० किलोचा आहे.

मिऱ्या_बंदर · दु. ३:५०
बरं, दक्षिणेला. ध्रुवीय उपग्रह तर दक्षिणेलाच जातात ना? अमेरिकेचे पण व्हँडेनबर्गहून, पश्चिम किनाऱ्यावरूनच जातात. समोर मोकळा अरबी समुद्र.

सेकंड_मेट · दु. ४:२०
मोकळा? नकाशा उघडा. रत्नागिरी ७३.३ पूर्व. तिथून दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कलती रेघ ओढा. थेट लक्षद्वीप. डाव्या हाताला मालदीव. व्हँडेनबर्गच्या दक्षिणेला तसं काही नाही. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला श्रीलंका येते म्हणून आपलं पीएसएलव्ही रॉकेट आधी बाजूने जाऊन मग वळण घेतं, त्यात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं, लहानाला नाही. म्हणून तर तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ कुलशेखरपट्टिणमला नवा तळ बांधतायत, २८ फेब्रुवारी २०२४ ला पायाभरणी झाली. तिथून खाली अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी.

मिऱ्या_बंदर · दु. ४:३०
लक्षद्वीपच्या बाजूने वळण घेता येईल.

भाट्ये_बीच · सायं. ६:००
मुळात नौदलाचा उपग्रह परदेशातून सोडला तेव्हा गुप्तता कुठे गेली होती? पहिला रुक्मिणी, म्हणजे जीसॅट-७, फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला, ३० ऑगस्ट २०१३.

अवकाशवेडा_रत्नागिरी · सायं. ६:३५
भाट्ये, हा मुद्दा मात्र बरोबर मांडलात. तो अडीच टनांच्या वरचा. तेव्हा आपल्या जीएसएलव्ही रॉकेटचा भरवसा नव्हता. २०१० मध्ये दोनदा पडलं होतं, आणि रुक्मिणी जायच्या अकरा दिवस आधी जीएसएलव्ही-डी५ चं काउंटडाउन इंधनगळतीमुळे थांबवावं लागलं. लष्करी असो की नागरी, जे रॉकेट उचलू शकतं त्याच्या तळावर जावंच लागतं. कुरू विषुववृत्तापासून पाच अंशांवर, त्यामुळे रेटा जास्त. आता एलव्हीएम३ हे मोठं रॉकेट घरचं आहे, म्हणून हा घरून जातोय.

पावसची_काकू · २६ ऑक्टो, स. ९:००
माझ्या भाच्याला इस्रोत जायचंय. बारावीनंतर तिरुअनंतपुरमला आयआयएसटी आहे ना? तिथे प्रवेश जेईईवर मिळतो का? प्लीज कुणी सांगा.

तारामुंबरीकर · स. ९:१०
काकू, वेगळा धागा काढा. इथे माझीच गाडी पुढे सरकत नाहीये.

अवकाशवेडा_रत्नागिरी · २७ ऑक्टो, स. ८:००
घ्या तारीख. काल रॉकेट उपग्रहासकट लाँचपॅडवर नेलं. २ नोव्हेंबर, रविवार.

तारामुंबरीकर · स. ८:०४
आता बोललात! पण ३ ला शाळा. आणि ते मोंथा वादळ?

कुडाळ_कट्टा · स. ८:३०
आता तरी सांगा, किती जण?

तारामुंबरीकर · स. ८:३३
मी, बायको, दोन मुलं. आई येईन म्हणतेय, तिचे गुडघे दुखतात.

कुडाळ_कट्टा · स. ९:१५
हे आधी सांगितलं असतं तर! ऐका. कणकवलीहून कोकण रेल्वेने मंगळुरू, तिथून चेन्नई, हा रस्ता लांबचा आणि गाडी बदलताना आईंचे हाल. फोंडा घाटाने कोल्हापूर गाठा, रात्रीच्या बसने बेंगळुरू, तिथून चेन्नईला भरपूर गाड्या. चेन्नई सेंट्रलहून सुल्लुरुपेटाची लोकल मिळते, श्रीहरिकोट्यासाठी तेच स्टेशन. मुक्काम चेन्नईतच करा. परतीचं तिकीट ४ तारखेचं काढा, लाँच एक दिवस पुढे गेलं तरी बघून याल. तत्काळ आदल्या दिवशी, एसी १० वाजता, स्लीपर ११ वाजता, आणि आता आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते आजच बघा, त्या दिवशी सकाळी नको.

वेंगुर्ले_आजोळ · स. ९:४०
फोंड्याने कशाला? गगनबावडा घाट बघा, पावसानंतर काय दिसतो!

कुडाळ_कट्टा · स. ९:४४
दुखऱ्या गुडघ्यांनी?

सेकंड_मेट · २९ ऑक्टो, स. ७:३०
मोंथा काल नरसापूरजवळ किनाऱ्याला लागलं. ते श्रीहरिकोट्याच्या बरंच वर, उत्तरेला. पण त्या किनाऱ्यावर हा ऐन पावसाचा हंगाम. ढगांमुळे नुसता आवाज ऐकून यावं लागलं तर इथे येऊन आम्हाला शिव्या देऊ नका.

पेजभात · स. ८:००
हय भात कापून पडलाहा, पाऊस थांबणा नाय, आणि ह्येंका रॉकेट बघूचा आसा.

तारामुंबरीकर · ३० ऑक्टो, रात्री ९:५०
ठरलं. आई राहतेय, शेजारची मावशी सोबतीला येईल. आम्ही चौघं उद्या फोंड्याने निघतोय. वेळ संध्याकाळी ५:२६ कळली. शाळेत एक दिवसाचा अर्ज दिलाय. गॅलरीच्या पासचं अजून बघतोय, कुणाला ताजी माहिती असेल तर लगेच टाका. धाकटा विचारतोय की नाही जमलं तर देवगडच्या सड्यावरून दिसेल का?

अवकाशवेडा_रत्नागिरी · रात्री १०:०५
नाही. जवळजवळ आठशे किलोमीटर अंतर, मध्ये सह्याद्री, त्यात दिवसाउजेडी, आणि रॉकेट जाणार पूर्वेला, आपल्यापासून लांब. पास नसेल तर पुलिकत तलावाच्या रस्त्याकडून लोक बघतात. पोलीस थांबवतील तिथे थांबा, हुज्जत घालू नका. सोबत छत्री घ्या.

मिऱ्या_बंदर · रात्री १०:३०
सड्यावर लाँचपॅड असता तर पोराला हा प्रश्न पडलाच नसता.

सेकंड_मेट · रात्री १०:३२
आधी लक्षद्वीपचं काय करायचं ते सांगा.

मिऱ्या_बंदर · रात्री १०:४१
नकाशा बघतोय. थांबा.