‘साधर्म्य’ आणि ‘आप्तता’

प्रश्न: पाणवनस्पतींविषयी वाचताना ‘परागकणांत साधर्म्य’ आणि ‘कुलांची आप्तता’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘तीन खाचांचा परागकण’ म्हणजे तडकलेला कण का?

उत्तर: तडकलेला नव्हे. कणाचं बाह्यकवच जिथे पातळ असतं ती जागा म्हणजे खाच. परागनलिका तिथूनच बाहेर पडते. साधर्म्य म्हणजे दिसण्यातला सारखेपणा, तर आप्तता म्हणजे समान पूर्वजामुळे असलेलं नातं. कमळ (निलंबो) आणि कुमुद (निम्फिया) यांच्यात साधर्म्य इतकं की दोन्ही कित्येक वर्षं एकाच कुलात गणली गेली. पण कुमुदाच्या कणाला एकच खाच, तीही डब्याच्या झाकणाभोवती असते तशी कडेकडेने फिरलेली. कमळाच्या कणाला मात्र तीन. तीन खाचा ही बहुसंख्य द्विदल वनस्पतींच्या मोठ्या शाखेची खूण, आणि कुमुद त्या शाखेत येतच नाही. पुढे डीएनएनेही तेच दाखवलं. १९९८च्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधक गटाच्या) वर्गीकरणात कमळ चिनार आणि मॅकाडेमिया यांच्या गणात, म्हणजे कुलांच्या मोठ्या गटात गेलं. आता पाण्याशी काडीचा संबंध नसलेली ही झाडं कमळाची सोयरी!

प्रतिप्रश्न: मग आप्तता ठरवायला परागकण पाहिले की झालं?

उत्तर: छे! समुद्रगवतं, म्हणजे समुद्राच्या पाण्याखाली वाढणाऱ्या सपुष्प वनस्पती बघा. त्यातल्या झोस्टेराचा परागकण दोऱ्यासारखा, दोनेक मिलिमीटर लांब, म्हणजे नेहमीच्या कणांच्या कितीतरी पट. सायमोडोसिया या दुसऱ्या समुद्रगवताच्या कुलातही असेच दोरे. पण झोस्टेराचं जवळचं कुल पोटॅमोजेटॉन या पाणवनस्पतीचं, आणि त्याचे कण चक्क गोल! सायमोडोसिया जातो रुपिया, पोसिडोनिया या वेगळ्या पाणवनस्पतींच्या कुलांकडे. पाण्याखाली परागण करताना लांब दोरा कुक्षीला (फुलाच्या परागकण झेलणाऱ्या टोकाला) अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून तो आकार वेगवेगळ्या वाटांनी उपजला. इथे ‘साधर्म्य’ म्हणा, ‘आप्तता’ नको.

त्यात आणखी एक गोची आहे. परागकण तपासण्याआधी ते ९ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि १ भाग तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवतात. सगळं जळून जातं, स्पोरोपोलेनिन या चिवट पदार्थाचं बाह्यकवच तेवढं उरतं. झोस्टेराच्या कणाला हे कवच नसतंच. खाचा, काटे, जाळी, काहीच हाती लागत नाही. अशा वेळी ‘कवच नाही’ एवढ्यावरून दोन कुलांची सोयरीक जुळवणं मला तरी धाडसाचं वाटतं.