डिचोलीच्या खाणपट्ट्यातली विहीर: खंदक उपसला तर पाणी जाईल का?

कुळागर४०३
डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या डोंगराच्या पायथ्याशी जांभ्यात खोदलेली ९ मीटर खोल विहीर आहे. ४०० मीटरवरचा खाणीचा खंदक २०१८ पासून बंद असून पाण्याने भरलाय. खंदकातलं पाणी पंपाने उपसायला सुरुवात झाल्यावर विहीर आटली तर ती उपशामुळेच, हे कसं दाखवायचं?

शेडीखालचं_पाणी
अंतरापेक्षा डोंगराची दिशा बघा. इथल्या खनिजाच्या रांगा साधारण वायव्य-आग्नेय पसरल्यात. वर जांभा, त्याखाली शेडी (पाणी सहज जाऊ न देणारी मऊ, चिकण माती) आणि मातीचे थर, त्याखाली भुकटीसारखं खनिज. पाणी धरणारे थर दोन: जांभा आणि भुकटी. मधली शेडी त्यांना बऱ्यापैकी वेगळं ठेवते. खंदक भुकटीपर्यंत गेलेला असेल तर उपशाची ओढ रांगेच्या दिशेने लांबवर जाते. रांगेला आडवी असलेली जवळची विहीर वाचते आणि दूरची आटते ती यामुळेच. मध्ये डाइक (खडकात घुसलेली कठीण दगडाची उभी भिंत) असेल तर हिशोब आणखी बदलतो.

तुमची विहीर जांभ्यात आहे. जांभा चाळणीसारखा, पावसाळ्यात भरतो आणि एप्रिलपर्यंत आपणहूनच रिता होतो. त्यामुळे ‘मे महिन्यात आटली’ हा पुरावा धरला जात नाही.

लेव्हल_पट्टी
उपसा सुरू व्हायच्या आधीची निदान एका उन्हाळ्याची मापं हवीत. नंतर मोजून काही हाती लागत नाही.

काठावर रंगाने एक खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा. आठवड्यातून एकदा, पहाटे, पंप लावण्याआधी. पंप बंद केल्यावर लगेच घेतलेलं माप फेकून द्या, विहीर भरून यायला वेळ लागतो. ऑटोलेव्हलने (उंची मोजायच्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने) खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढा. समजा खूण ४२.३० मी आणि पाणी ६.८५ मी खाली, म्हणजे पातळी ३५.४५. खंदकाचं पाणी ३८ मीटरवर असेल तर आज तो खंदकच विहिरीला पाणी देत असण्याची शक्यता आहे. उपसल्यावर जाईल ते हेच पाणी. हा मुद्दा अहवालात सहसा येत नाही.

नोव्हेंबरपासूनची मापं, जवळच्या ओढ्याच्या तळापासूनची उंची धरून, सेमी-लॉग कागदावर टाका (उंचीचा अक्ष लॉगचा, तारखांचा साधा). जांभा नुसता निथळत असेल तर रेषा जवळजवळ सरळ उतरते. उपसा सुरू झाल्याच्या सुमारास ती मोडून जास्त उतरली, तर बोलायला जागा आहे. अवकाळी पाऊस झालेले आठवडे वगळा.

कुळागर४०३
धन्यवाद. पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले क्षार) तपासून खंदकाचं पाणी ओळखता येईल?

शेडीखालचं_पाणी
फारसं नाही. इथलं खनिज ऑक्साईडचं, गंधक नगण्य, म्हणून खंदकाचं पाणी आम्ल होत नाही. दोन्हीकडचं पाणी कमी क्षारांचं असतं. लाल गाळ हा वेगळा विषय, तो डंपवरून (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून) वाहून येतो.

त्यापेक्षा दोन पिझोमीटर (एकाच थरातली पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या) मागा, एक जांभ्यात, एक भुकटीत, शेजारी पण वेगवेगळ्या छिद्रांत. १५० मिमी छिद्रात ५० मिमी पीव्हीसी, खाली ३ मीटर जाळीचा भाग, भोवती २-४ मिमी खडी, वर किमान १ मीटर बेंटोनाईट (पाण्याने फुगणारी माती) गोळ्या. त्या फुगायला काही तास द्या, मगच सिमेंट ओता. हे बूच नीट बसलं नाही तर दोन्ही थरांचं पाणी एकत्र होतं आणि नळ्या सारखीच पातळी दाखवतात. मग ‘दोन्ही थर जोडलेले आहेत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शेवटी हवेच्या दाबाने पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर शेडीचा लगदा जाळी बुजवतो.

लेव्हल_पट्टी
धुतलेत का ते कळायला नळीत ५ लिटर पाणी ओता. पाणी उतरतच नसेल तर जाळी बुजलीय.