मदत हवी आहे: आरोग्याच्या पोस्टरांवरून चिनी शिकवताना

नमस्कार मंडळी,

पुण्यात नोकरदारांच्या वर्गाला मी चिनी शिकवते. सध्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीला चीनमधली सार्वजनिक आरोग्याची पोस्टरं वापरते आहे. वर्ग रंगतो, पण काही ठिकाणी अडले आहे. (चिनी उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहिले आहेत.)

1950 च्या दशकात ही पोस्टरं ज्यांच्यासाठी काढली गेली, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून सगळा अर्थ चित्रात असायचा आणि खालची ओळ एकदा ऐकली की तोंडात बसेल इतकी आटोपशीर. नवशिक्याला याहून वेगळं काय लागतं? 'पू याओ स्वेइ-ती थू-थान', कुठेही थुंकू नका, यातला 'थू' तर आपल्याकडे कुणाला शिकवावाच लागत नाही!

दुसरं आवडतं पोस्टर 1958 च्या 'चार उपद्रवी जीव' मोहिमेचं: उंदीर, माशी, डास आणि चिमणी. चौघांनाही 'च्र' हा एकच मेजर वर्ड (चिनीत मोजताना संख्येनंतर लावायचा शब्द) चालतो, त्यामुळे मोजणी पक्की होते. पण मग हमखास प्रश्न येतो, "मॅडम, चिमणीने काय केलं?" ती धान्य खाते म्हणून यादीत आली. लोकांनी थाळ्या-ढोल बडवून चिमण्यांना कुठे टेकूच दिलं नाही, त्या दमून खाली पडल्या. पुढे पिकांवर किडी वाढल्या आणि 1960 मध्ये चिमणीच्या जागी ढेकूण आला. 'मा-छ्वे ये छर छोंग-त्स', चिमणी किडेही खाते. एवढं वाक्य पहिल्या पातळीचा विद्यार्थीही बोलू शकतो, म्हणून हा इतिहास मला गाळायचा नाही.

1952 च्या पोस्टरांचं मात्र अवघड जातं. तेव्हा कोरियाचं युद्ध चालू होतं. अमेरिका रोगजंतू पसरवते आहे असा चीनचा आरोप होता, अमेरिकेने तो फेटाळला होता. त्या चित्रांत माशी मारणं म्हणजे शत्रूशी लढणंच. हे सोप्या चिनीत सांगता येत नाही आणि मराठीत सांगायला घेतलं की तास त्यातच संपतो. कुणी हे कसं हाताळलंय?

लिपीचाही प्रश्न आहे. 1956 च्या लिपी-सुधारणेआधीची पोस्टरं पारंपरिक अक्षरांत आहेत. 'वेइ-शंग' म्हणजे स्वच्छता-आरोग्य, त्यातलं 'वेइ' आज तीन रेघांत लिहितात, तिथे पंधरा-सोळा रेघा. मी मूळ चित्र दाखवून खाली सुटसुटीत अक्षरांची पट्टी चिकटवते. वर्गातली निम्मी मंडळी पट्टीच वाचतात, चित्राकडे बघतच नाहीत. पट्टी उशिरा द्यावी का?

सगळ्यात जास्त मदत हवी आहे ती बोलण्याबाबत. कोविडच्या वेळची ओळ घ्या: 'ताइ खौ-चाओ, छिन शी-शोउ, छांग थुंग-फंग', म्हणजे मास्क लावा, वारंवार हात धुवा, हवा खेळती ठेवा. तीन-तीन अक्षरांचा ठेका, झटकन पाठ. पण मग विद्यार्थी गप्पांतही तसंच बोलायला लागतात. घरात आई मुलाला 'छिन शी-शोउ' म्हणणार नाही, ती 'याओ त्वो शी-शोउ' (हात जास्त वेळा धुवायला हवेत) असं काहीतरी म्हणेल. पोस्टर म्हणजे घोषणा, बोलणं वेगळं, हे मी सांगते, पण नुसतं सांगून भागत नाही. पोस्टरातली आई आणि मूल यांचा संवाद रचायला लावणं, हा एक उपाय सुचतो आहे. याहून चांगला सराव कुणी घेतला आहे का? जपानी किंवा कोरियन शिकवणाऱ्यांनीही सांगा, तिथेही हा प्रश्न येत असणार.

जुन्या पोस्टरांसाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेचा संग्रह मला माहीत आहे. 2020 मध्ये चिनी खेड्यांत लागलेले लाल कापडी फलक मात्र स्पष्ट वाचता येतील असे मिळत नाहीत. तेव्हा तिकडे असलेल्या कुणी स्वतः फोटो काढले असतील, तर वर्गात वापरायला देऊ शकाल का? नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होते, त्याआधी मिळाले तर फारच उत्तम.