४२९४९६७२९७: पाया २ घेतला की बाकी ० का येते?

प्रश्न
n = २^३२ + १ = ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का, हे फर्माच्या कसोटीने बघतोय (n मूळ असेल, तर n ने भाग न जाणाऱ्या पायाच्या n−१ व्या घाताला n ने भागून बाकी १ येते). पाया २. चिन्हविरहित ६४-बिट पूर्णांक. वर्ग करायचा, n ने भागून बाकी ठेवायची, असं ३२ वेळा. शेवटी ० येतं. n विषम आहे, मग २ च्या घाताला त्याने पूर्ण भाग कसा जाईल? पायथॉनमध्ये मात्र १ येतो. मग मूळ समजायची का?

उत्तर १
० ओव्हरफ्लोमुळे येतोय. प्रत्येक पायरीची बाकी लिहून बघा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पुढचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांत जास्तीत जास्त २^६४ − १ मावतं. फक्त एकाने हुकतं! वरचा बिट गळतो, ० उरतो आणि शेवटपर्यंत ०च राहतो. n−१ सोडून इतर कुठल्याही बाकीचा वर्ग मावतो, म्हणून ही चूक सहज लपते. गुणाकार १२८ बिटांत करा, नाहीतर बाकी n−१ आली की वर्गाच्या जागी थेट १ ठेवा.

पायथॉनचा १ बरोबर आहे, पण त्यावरून n मूळ ठरत नाही. २^३२ ची बाकी −१ (n−१ म्हणजेच −१ धरायचा), म्हणून २^६४ ची १. आणि n−१ ला ६४ ने भाग जातो. फर्माच्या प्रत्येक संख्येला (२^(२^k) + १ अशा रूपाच्या) हेच लागू पडतं, म्हणून इथे पाया २ निरुपयोगी. पाया ३ घ्या: ३^(n−१) ची बाकी ३०२९०२६१६०. १ नाही, म्हणजे n संयुक्त. पडताळ्यासाठी: ३१ वर्गांनंतर बाकी १०३२४३०३ यायला हवी.

उत्तर २
अवयव ६४१ × ६७००४१७, ऑयलरने १७३२ मध्ये काढलेले. कागदावर चार ओळींत पटतं. ६४१ = ५·२^७ + १, म्हणून ५·२^७ ला ६४१ ने भागून बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४·२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालतो. −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. फार देखणी सिद्धता आहे ही.

६४१ शोधायलाही फार खटपट नाही. n चा कुठलाही मूळ अवयव १२८k + १ अशाच रूपाचा असतो. १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ यांत मूळ दोनच. २५७ ने भागल्यास बाकी २, लगेच ६४१.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, १२८ बिटांत १ आला. पण ६७००४१७ ला आणखी अवयव नाहीत कशावरून?

उत्तर २
त्याचे अवयव n चेही अवयव, म्हणून तोच १२८k + १ चा नियम. वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १२८k + १ रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ.