मदत हवी आहे: आजीच्या ओव्यांची कॅसेट वाचवायची आहे

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना एक ९० मिनिटांची कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात नुसतंच 'आई - जातं'. आजी पहाटे दळायला बसायची, तेव्हा बाबांनी गुपचूप टेप लावून ठेवला होता म्हणे. शेजाऱ्यांच्या जुन्या टेपवर जेमतेम दोन मिनिटं ऐकली. आधी जात्याची घरघर, मग आवाज. मधेच ओवी तुटते, कारण ती जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालायला थांबते आणि खुंटा धरला की त्याच शब्दावरून पुढे उचलते. मी तिला गाताना कधी पाहिलंच नाही, आमच्या घरी तेव्हा गिरणीचं पीठ येत होतं.

अडचण अशी, की फितीला दाबून धरणारा फेल्टचा तुकडा निघालाय आणि आवाज खोल गेल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवणं घरी जमेल का? की पुण्यात कुणी खात्रीचं माहीत आहे? टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लावून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा विचार आहे. फाइल डब्ल्यूएव्हीत, म्हणजे आवाज न दाबता, ठेवू ना? एमपीथ्री नंतर करता येईल.

दुसरं म्हणजे शब्द. निम्मे कळत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत, त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर वाचतोय. पण आजीची चाल तिथे अजून सापडली नाही. आजी सिन्नरकडची. त्या भागातलं कुणी आहे का इथे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन मिनिटं ऐकवाल का?